दुचाकी हेल्मेटची निवड

दुचाकी हेल्मेटची निवड म्हणजे मोटारसायकल, स्कूटर वा मोपेड चालविणाऱ्या अथवा मागे बसणाऱ्या व्यक्तीने आपल्या डोक्याच्या मापाचे, आकाराचे आणि गरजेचे संरक्षक शिरस्त्राण पारखून घेण्याची प्रक्रिया होय. मराठीत या वस्तूला 'शिरस्त्राण' असा शब्द असला तरी व्यवहारात 'हेल्मेट' हाच शब्द रूढ आहे. हेल्मेटपासून मिळणारे संरक्षण मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : ते मान्य मानकानुसार बनविलेले असणे, डोक्यावर नेमके बसणे आणि हनुवटीचा पट्टा बांधलेला असणे. यांपैकी पहिली गोष्ट कारखान्यात ठरते, दुसरी खरेदीच्या वेळी ठरते, तर तिसरी प्रत्येक प्रवासाच्या आरंभी वापरणाऱ्याच्या हाती असते.

भारत सरकारच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते. याच वर्षी मृत्युमुखी पडलेल्या ५०,०२९ व्यक्तींनी हेल्मेट घातलेले नव्हते. त्यांत ३५,६९२ चालक आणि १४,३३७ सहप्रवासी होते. दुचाकीच्या अपघातांवरील ६१ अभ्यासांच्या कॉक्रेन समीक्षेत (२००८) असा निष्कर्ष काढण्यात आला, की हेल्मेटच्या वापराने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

## इतिहास

मोटारसायकलच्या शर्यतींत शिरस्त्राणाचा वापर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाला. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथील शर्यतींचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांनी कापड व लाख यांपासून टणक शिरस्त्राण तयार करवून घेतले आणि १९१४ च्या 'आइल ऑफ मॅन टीटी' शर्यतीत ते वापरले गेले. सामान्य वाहनचालकांमध्ये मात्र त्याचा प्रसार झाला नाही.

१३ मे १९३५ रोजी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स यांच्या मोटारसायकलला इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात अपघात झाला. सायकलवरून जाणाऱ्या दोन मुलांना चुकविताना ते फेकले गेले. त्यांनी हेल्मेट घातलेले नव्हते. डोक्याला झालेल्या इजेमुळे १९ मे रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे मेंदूशल्यविशारद होते. केर्न्स यांनी पुढे दुसऱ्या महायुद्धातील मोटारसायकलस्वार संदेशवाहक सैनिकांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि हेल्मेटचे महत्त्व सांगणारा लेख १९४१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने कामावरील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले. नागरी वाहनचालकांना ही सक्ती ब्रिटनमध्ये १ जून १९७३ पासून लागू झाली.

आधुनिक हेल्मेटच्या रचनेचा पाया अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात घातला गेला. तेथील संशोधक सी. एफ. लॉम्बार्ड यांच्या नावे १९५३ साली नोंदल्या गेलेल्या एकस्वात (पेटंट) कवचाच्या आत चेपली जाणारी, आघाताची ऊर्जा शोषणारी जाड गादी ही मूळ कल्पना होती. पीट स्नेल या चालकाचा १९५६ साली मोटारींच्या शर्यतीत डोक्याच्या इजेमुळे मृत्यू झाल्यावर १९५७ साली त्याच्या नावाने स्नेल स्मृती प्रतिष्ठान स्थापन झाले व हेल्मेटच्या स्वतंत्र चाचण्यांना चालना मिळाली. हनुवटीसह संपूर्ण चेहरा झाकणारी हेल्मेटे १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली.

## रचना आणि कार्य

हेल्मेटचे चार प्रमुख भाग असतात.

* बाह्य कवच : हे एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे, काचतंतूंचे (फायबरग्लास) अथवा कार्बनतंतूंचे असते. आघात मोठ्या क्षेत्रावर पसरविणे, टोकदार वस्तू आत घुसू न देणे आणि रस्त्यावर घासत जाताना डोक्याचे रक्षण करणे ही त्याची कामे होत.
* आघातशोषक अस्तर : हे प्रसरणशील पॉलिस्टायरीनचे असते. भारतात हाच पदार्थ 'थर्मोकोल' या नावाने परिचित आहे. मात्र हेल्मेटमधील थर्मोकोल वेष्टनाच्या थर्मोकोलपेक्षा बराच घन असतो.
* आतील मऊ गाद्या : कापड व फोम यांच्या या गाद्या डोके व गाल यांना धरून ठेवतात. आघात शोषण्यात त्यांचा वाटा अल्प असतो.
* हनुवटीचा पट्टा : अपघातात हेल्मेट डोक्यावर टिकवून ठेवण्याचे काम हा पट्टा करतो.

यांपैकी जीव वाचविण्याचे मुख्य काम थर्मोकोलचे अस्तर करते, कारण ते डोक्याला थांबण्यासाठी अंतर मिळवून देते. दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके जमिनीवर सुमारे ताशी २० किलोमीटर वेगाने आपटते. म्हणजे उभ्या स्कूटरवरून कोसळणेही डोक्यासाठी किरकोळ नसते. अनेक मानकांच्या चाचणीत हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने लोखंडी ऐरणीवर आपटले जाते. या वेगाने येणारे डोके ३ मिलिमीटर अंतरात थांबले, तर त्याचे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९५० पट होते. तेच डोके ३० मिलिमीटर अंतरात थांबले, तर ते सुमारे ९५ पट होते. उघडे डोके आणि अस्तराने वेढलेले डोके यांतील फरक या काही मिलिमीटरांचा असतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, हेल्मेट जितके कठीण तितके सुरक्षित ही समजूत चुकीची आहे. अस्तर चेपले गेले पाहिजे. ते चेपले गेले नाही, तर आघात कवटीकडे जातो. दुसरी म्हणजे, एकदा चेपलेले अस्तर पुन्हा फुगत नाही. मोठा आघात झालेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले, तरी त्या जागी पुढच्या वेळी ते पुरेसे संरक्षण देऊ शकत नाही.

रस्त्यावरील बहुतेक आघात सरळ नसून तिरपे असतात. त्यांमुळे डोक्याला अचानक पीळ बसतो व मेंदूच्या ऊतींना इजा होते. ही चक्राकार गती कमी करण्यासाठी काही हेल्मेटांत कवच व डोके यांच्यामध्ये किंचित सरकणारा पातळ थर बसविलेला असतो. स्टॉकहोम येथील हान्स फॉन होल्स्ट व पीटर हॉल्डिन यांनी विकसित केलेली 'मिप्स' ही अशा रचनांपैकी सर्वांत परिचित रचना आहे.

## प्रकार

* पूर्णमुखी (फुल फेस) : यात डोके, कान, गाल व हनुवटी झाकली जाते. अपघातांच्या पाहणीत हेल्मेटवरील आघातांचा मोठा भाग हनुवटी व जबड्याच्या परिसरात आढळला आहे, त्यामुळे हा प्रकार सर्वाधिक संरक्षण देणारा मानला जातो.
* उघडमुखी (ओपन फेस) : यात डोके व कान झाकले जातात, चेहरा उघडा राहतो. शहरातील फेऱ्यांसाठी अनेक जण हे पसंत करतात. हनुवटी व दात यांना यात संरक्षण नसते.
* उघडझाप करता येणारे (मॉड्युलर किंवा फ्लिप-अप) : यातील हनुवटीचा भाग वर उचलता येतो. चष्मा वापरणाऱ्यांना व वारंवार थांबणाऱ्यांना ते सोयीचे असते. सांध्यामुळे त्याचे वजन काहीसे अधिक असते. वाहन चालविताना हनुवटीचा भाग बंद ठेवणे आवश्यक असते.
* कच्च्या रस्त्यांसाठीचे (ऑफ-रोड) : यात हनुवटीचा भाग पुढे आलेला असतो व कपाळावर छज्जा असतो. वेगवान महामार्गावर छज्ज्यात वारा भरून मानेवर ताण येतो.
* अर्धे (हाफ) : यात केवळ टाळू झाकली जाते. कान, कानशिले व डोक्याची मागची खालची बाजू उघडी राहते.

बांधकामावरील पिवळी शिरस्त्राणे, क्रिकेटची हेल्मेटे अथवा सायकलची हेल्मेटे ही मोटारसायकलसाठी नसतात. कारखान्यांत वापरावयाच्या शिरस्त्राणांसाठी भारतात आयएस २९२५ हे वेगळे मानक आहे. वरून पडणाऱ्या वस्तूपासून रक्षण करणे हा त्यांचा उद्देश असतो, रस्त्यावर आपटण्यापासून नव्हे.

## मानके आणि खुणा

### भारतीय मानक

भारतात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ४१५१ हे मानक लागू आहे. त्याची चौथी सुधारित आवृत्ती २०१५ साली निघाली. आघात शोषण, पट्ट्याची मजबुती, हेल्मेट डोक्यावर टिकून राहणे, दृष्टिक्षेत्र, काचेचे गुणधर्म इत्यादींच्या चाचण्या त्यात सांगितल्या आहेत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये काढलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जून २०२१ पासून या मानकाची खूण नसलेल्या दुचाकी हेल्मेटचे उत्पादन व विक्री बेकायदेशीर ठरली. भारतीय मानक ब्युरो अधिनियम, २०१६ नुसार अशा गुन्ह्यास पहिल्या खेपेस दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

खऱ्या खुणेत आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक (आयएस ४१५१) आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. केवळ चिन्ह आहे पण क्रमांक नाही, अशी खूण संशयास्पद समजावी. हा परवाना क्रमांक मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर टाकल्यास उत्पादकाचे नाव व परवान्याची स्थिती दिसते. दिसलेले नाव व हेल्मेटवरील नाव जुळते का, हे पाहणे ही खरेदीची पहिली पायरी होय.

### अन्य मानके

* ईसीई २२ : संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे हे मानक युरोपात व इतर अनेक देशांत चालते. त्याच्या सहाव्या सुधारणेत (२२.०६) वेगवेगळ्या वेगांवरील आघात व तिरप्या आघाताची चाचणी यांचा समावेश झाला.
* डॉट : अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे हे मानक (क्रमांक २१८) १९७४ पासून लागू आहे. त्यात उत्पादक स्वतःच अनुरूपता जाहीर करतो व सरकारी यंत्रणा बाजारातील नमुने घेऊन तपासते.
* स्नेल : स्नेल प्रतिष्ठानचे हे ऐच्छिक मानक शर्यतींच्या क्षेत्रात विशेष परिचित आहे.
* शार्प : हे मानक नसून ब्रिटनच्या परिवहन खात्याने २००७ साली सुरू केलेली तारांकन पद्धत आहे. मानक पूर्ण करणाऱ्या हेल्मेटांना त्यात एक ते पाच तारे दिले जातात. मानक ही किमान पातळी असते आणि ती ओलांडणारी सर्व हेल्मेटे सारखीच नसतात, हे या पद्धतीने ग्राहकांसमोर आले.

परदेशी खूण असलेल्या हेल्मेटलाही भारतात विक्रीसाठी आयएसआय खूण आवश्यक असते.

## माप घेणे

डोक्याचा घेर शिंप्याच्या टेपने मोजतात. टेप भुवयांच्या सुमारे अडीच सेंटीमीटर वरून, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागील सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी. दोन-तीन वेळा मोजून सर्वांत मोठे माप धरावे. टेप नसल्यास दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजता येतो. भारतीय बाजारात माप बहुधा मिलिमीटरमध्ये छापलेले असते.

| माप | घेर (सेंटीमीटर) | छापील खूण (मिलिमीटर) |
|---|---|---|
| स्मॉल | ५५–५६ | ५६० |
| मीडियम | ५७–५८ | ५८० |
| लार्ज | ५९–६० | ६०० |
| एक्स्ट्रा लार्ज | ६१–६२ | ६२० |

हा तक्ता सर्वसाधारण आहे. प्रत्येक उत्पादकाचे माप थोडे वेगळे असते, त्यामुळे एका कंपनीचे 'मीडियम' बसले म्हणून दुसऱ्या कंपनीचे बसेलच असे नाही.

घेराइतकाच डोक्याचा आकारही महत्त्वाचा असतो. वरून पाहिल्यास काहींचे डोके जवळजवळ गोल, काहींचे लांबट, तर बहुतेकांचे या दोहोंच्या मधले असते. हेल्मेट घातल्यावर कपाळ व मागची बाजू दाबली जाऊन दोन्ही बाजूंना पोकळी राहत असेल, तर हेल्मेट त्या डोक्यासाठी अधिक गोल आहे. कानशिले दाबली जाऊन पुढे-मागे पोकळी राहत असेल, तर ते अधिक लांबट आहे. अशा वेळी मोठे माप घेतल्याने प्रश्न सुटत नाही. दाब कमी होतो, पण पोकळी वाढते. वेगळ्या आकाराचे दुसरे हेल्मेट पाहणे हाच उपाय असतो.

## घालून पाहण्याची पद्धत

नवे हेल्मेट पुढील क्रमाने घालून पाहावे.

1. घालणे : पट्ट्याची दोन्ही टोके धरून बाजूंना ओढावीत व हेल्मेट डोक्यावर सरळ उतरवावे. योग्य मापाचे नवे पूर्णमुखी हेल्मेट घालताना गाल व कान यांना थोडे घासते. टोपीसारखे सहज उतरणारे हेल्मेट बहुधा मोठे असते.
2. बैठक : आतील गादी टाळूला टेकली पाहिजे व पुढची कड भुवयांच्या थोडी वर यायला हवी. हेल्मेट मागे कलून कपाळ उघडे पडत असेल, तर ते चुकीचे बसले आहे.
3. गाल : पूर्णमुखी हेल्मेटमध्ये गाल किंचित आत दाबले जातात व बोलताना दातांमध्ये गालाचा आतला भाग येतो. हा दाब सुरुवातीला नकोसा वाटला, तरी तो अपेक्षित असतो. वापराने गाद्या काही आठवड्यांत दबतात व हेल्मेट थोडे सैल होते.
4. हलवून पाहणे : डोके स्थिर ठेवून दोन्ही हातांनी हेल्मेट डावीकडे-उजवीकडे व वर-खाली हलवावे. गालांची व कपाळाची त्वचा हेल्मेटबरोबर हलली, तर माप योग्य आहे. त्वचा जागेवर राहून हेल्मेट फिरले, तर ते मोठे आहे.
5. पट्टा : पट्टा घट्ट बांधावा. हनुवटी व पट्टा यांच्यामध्ये एक किंवा फार तर दोन बोटे जावीत.
6. निसटण्याची परीक्षा : पट्टा बांधल्यावर हेल्मेटची मागची खालची कड धरून ती वर व पुढे ढकलावी. हेल्मेट पुढे निसटून डोळ्यांवर आले किंवा निघाले, तर ते घेऊ नये. ही परीक्षा सर्वांत निर्णायक असते, कारण अपघातात निघून जाणारे हेल्मेट नसल्यासारखेच असते.
7. वेळ देणे : हेल्मेट पंधरा-वीस मिनिटे घालून ठेवावे. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वण उठला किंवा तेथे दुखू लागले, तर आकार जुळत नाही. सर्व बाजूंनी सारखा दाब जाणवत असेल, तर ते योग्य समजावे.

घालून पाहताना हेल्मेट काढण्याची घाई होणे, विक्रेत्याने 'सैल होईल' किंवा 'थोडे मोठेच बरे' असे सांगणे यांमुळे अनेकदा एक माप मोठे हेल्मेट घेतले जाते. गाद्या सैल होतात हे खरे असले, तरी एकाच जागी टोचणारा दाब हा कवच व अस्तराच्या आकारामुळे येतो आणि तो वापराने जात नाही. घरपोच खरेदीत ही परीक्षा घरी करावी लागते. त्यासाठी परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी व संरक्षक चिकटपट्ट्या न काढता हेल्मेट घालून पाहणे इष्ट असते.

### चष्मा, केस व ओढणी

चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासह परीक्षा करावी. हेल्मेट घातल्यावर चष्म्याच्या काड्या सरळ आत गेल्या पाहिजेत व कानशिलावर टोचता कामा नयेत. उंच अंबाडा, मोठा चिमटा किंवा डोक्याच्या वरच्या भागात बांधलेले केस यांमुळे हेल्मेट टाळूला टेकत नाही व पुढे झुकते. केस मानेजवळ खाली बांधल्यास ते नीट बसते. उन्हापासून व धुळीपासून बचावासाठी हेल्मेटच्या आत रुमाल, स्कार्फ किंवा ओढणी गुंडाळण्याची पद्धत महाराष्ट्रातील शहरांत सर्वत्र दिसते. पातळ सुती कापडाचा एकच पदर चालतो, पण जाड घड्यांवर घातलेले हेल्मेट डोक्यावरून सरकते. कापड नेहमी वापरायचे असल्यास ते बांधूनच हेल्मेटचे माप पाहावे व गाठ हेल्मेटच्या बाहेर ठेवावी.

## इतर निकष

दृष्टिक्षेत्र : हेल्मेट घालून मान न वळविता दोन्ही बाजूंचे किती दिसते, हे पाहावे. ईसीई मानकानुसार मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूस किमान १०५ अंशांपर्यंत दृष्टीस अडथळा नसावा लागतो.

काच : पारदर्शक काच दिवसा व रात्री दोन्ही वेळी चालते. गडद काच रात्री, बोगद्यात व पावसाळी अंधारात धोक्याची ठरते. ओरखडे पडलेल्या काचेवर समोरच्या वाहनाचा प्रकाश पसरतो व काही दिसेनासे होते, म्हणून काच बदलता येते का व सुटी काच मिळते का, हे खरेदीच्या वेळी विचारावे. पावसाळ्यात श्वासामुळे काचेवर वाफ धरते. वाफरोधक थर, आत बसणारी दुसरी पातळ काच अथवा काच किंचित उघडी ठेवणारी खाच यांचा कोकण व घाटमाथ्यावरील पावसात विशेष उपयोग होतो.

हवा खेळणे : कपाळ व हनुवटीजवळची भोके आणि मागील बाहेर जाण्याची वाट यांमुळे हवा खेळती राहते. भोके असूनही अस्तरात हवेसाठी चर नसतील, तर ती केवळ शोभेची ठरतात. धुऊन वापरता येणाऱ्या, सुट्या होणाऱ्या गाद्या उष्ण व दमट हवेत आवश्यक मानल्या जातात.

वजन : पूर्णमुखी हेल्मेटचे वजन साधारणपणे एक ते पावणेदोन किलोग्रॅम असते. लांबच्या प्रवासात शंभर-दोनशे ग्रॅमांचा फरक मानेला जाणवतो. मात्र केवळ वजन कमी म्हणून पातळ अस्तराचे हेल्मेट निवडणे योग्य नसते.

कडी : दोन कड्यांतून ओवायचा पट्टा ('डबल डी' कडी) दर वेळी नेमका घट्ट होतो. दातेरी पट्टीची झटपट कडी शहरी वापरास सोयीची असते. कडीचा प्रकार कोणताही असला, तरी पट्ट्याची लांबी अधूनमधून तपासावी लागते.

रंग : फिकट व चमकदार रंगाचे हेल्मेट इतर वाहनचालकांच्या लवकर नजरेस येते.

किंमत : महाग हेल्मेटमध्ये हलके कवच, चांगली काच, कमी आवाज व अधिक सोयी मिळतात. किंमत हा सुरक्षिततेचा थेट पुरावा नसतो. मानकानुसार असलेले व नेमके बसणारे स्वस्त हेल्मेट हे सैल बसणाऱ्या महाग हेल्मेटपेक्षा श्रेयस्कर असते.

## लहान मुले व सहप्रवासी

घरात चालकासाठी चांगले हेल्मेट व मागच्यासाठी कोणतेही जुने, अशी विभागणी आढळते. अपघातात मागे बसलेली व्यक्तीही तितक्याच वेगाने फेकली जाते आणि पुढे धरण्यासाठी तिच्या हाती हँडलही नसते. त्यामुळे सहप्रवाशाचे हेल्मेटही त्याच्याच डोक्यावर पारखलेले असावे लागते.

मोठ्यांचे लहान मापाचे हेल्मेट मुलांना चालत नाही. त्याचे वजन त्यांच्या मानेला जड होते व ते डोक्यावर फिरते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या डोक्याला बसणारे स्वतंत्र हेल्मेट असणे चालकावर बंधनकारक आहे. चार वर्षांखालील मूल सोबत असताना त्याला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा बांधावा लागतो व वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. मुलांचे डोके वाढत असल्याने हेल्मेट पुढे उपयोगी पडेल म्हणून मोठे घेण्याचा मोह टाळून दर वर्षी माप तपासणे आवश्यक असते.

## निगा व बदल

हेल्मेट आरशाच्या दांडीवर अडकवून ठेवल्यास आतील अस्तरात खड्डा पडतो. टाकीवर किंवा आसनावर ठेवलेले हेल्मेट खाली पडून त्याला अनावश्यक मार बसतो. पेट्रोल, थिनर, रंग व काही प्रकारचे गोंद यांमुळे प्लॅस्टिकचे कवच कमकुवत होते, म्हणून हेल्मेट रंगविणे किंवा त्याला भोके पाडणे टाळावे. कवच व गाद्या सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवाव्यात. काच कोरड्या फडक्याने न घासता आधी ओली करून मऊ कापडाने पुसावी.

अपघातात आपटलेले हेल्मेट बदलावे. आघात झाला नसला तरी घाम, ऊन व वापर यांमुळे गाद्या, पट्टा व गोंद यांची झीज होते, त्यामुळे अनेक उत्पादक सुमारे पाच वर्षांनी हेल्मेट बदलण्याची शिफारस करतात. उत्पादनाचा महिना व वर्ष हेल्मेटच्या आत छापलेले असते. खरेदीच्या वेळी ते पाहावे. वापरलेले हेल्मेट विकत घेणे टाळावे, कारण त्यास पूर्वी मार बसला आहे का, हे बाहेरून कळत नाही.

## कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकी चालविणाऱ्या व मागे बसणाऱ्या, चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार हेल्मेट पट्ट्याने डोक्यावर पक्के बांधलेले असावे लागते. म्हणजे पट्टा न बांधता डोक्यावर ठेवलेले हेल्मेट कायद्याच्या अर्थानेही पुरेसे नसते. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १९४-ड मध्ये एक हजार रुपये दंड व तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता अशी तरतूद आहे. मुंबईत वाहतूक पोलिसांनी जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यांविरुद्धही कारवाई सुरू केली.

हेल्मेट सर्वांना सक्तीचे करणाऱ्या देशांत व्हिएतनामचे उदाहरण वारंवार दिले जाते. तेथे १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर सक्ती लागू झाल्यावर वापर झपाट्याने वाढला. त्यानंतर निकृष्ट हेल्मेटांचा प्रश्न पुढे आला.

## आक्षेप व गैरसमज

महाराष्ट्रात पुण्यातील हेल्मेटसक्ती हा दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी कारवाई तीव्र केल्यावर तेथे पगड्या घालून निषेध फेरी काढण्यात आली होती. शहरातील वेग कमी असतो, हेल्मेटने उकडते, ते सांभाळण्याची अडचण होते, मान दुखते, मागचे ऐकू येत नाही, असे आक्षेप यावेळी व एरवीही घेतले जातात.

ऐकू न येणे, बाजूचे न दिसणे व मानेला इजा होणे या तीन आक्षेपांचा विचार अमेरिकेतील 'हर्ट अहवाला'त (१९८१) झाला आहे. हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर पाहणी करण्यात आली. हेल्मेटमुळे वाहतुकीचे महत्त्वाचे आवाज ऐकू येण्यात किंवा अपघातापूर्वीच्या दृष्टिक्षेत्रात घट झाल्याचे त्यात आढळले नाही. हेल्मेट घातलेल्यांच्या मानेच्या इजाही अधिक नव्हत्या. कमी वेगाच्या आक्षेपाबाबत असे दिसते, की डोके जमिनीवर आपटण्याचा वेग बव्हंशी पडण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. वाहन हळू असले म्हणून तो नाहीसा होत नाही. उकाडा, मानदुखी व टोचणे या तक्रारी मात्र खऱ्या असतात. त्यांतील बऱ्याच चुकीच्या मापाच्या, चुकीच्या आकाराच्या किंवा हवा न खेळणाऱ्या हेल्मेटमुळे उद्भवतात व योग्य निवडीने कमी होतात.

## अपघातानंतर हेल्मेट काढणे

बेशुद्ध किंवा मानेस इजा झाल्याचा संशय असलेल्या जखमीचे हेल्मेट श्वासास अडथळा होत नसल्यास प्रशिक्षित व्यक्ती येईपर्यंत काढू नये. काच उघडावी व मान स्थिर धरावी. श्वासोच्छ्वासासाठी ते काढावेच लागले, तर दोन व्यक्तींची गरज असते. एकाने खालून मान व जबडा स्थिर धरावा, दुसऱ्याने पट्टा सोडवून अथवा कापून हेल्मेटच्या बाजू फाकवत ते हळूहळू काढावे. काही हेल्मेटांत गालाच्या गाद्या बाहेरून ओढून काढण्यासाठी लाल पट्ट्या असतात. प्रथम त्या गाद्या काढल्यास हेल्मेट मानेला धक्का न लागता निघते.

## हे सुद्धा पहा

* मोटारसायकल
* रस्ता सुरक्षा
* भारतीय मानक ब्युरो
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* मेंदूची इजा